तळघर, खिडकी आणि कागदावरचे गोदाम

जमिनीखाली माणसाने वावरणे आपल्याकडे नवे नाही. उत्तर हिंदुस्थानातील हवेल्यांत उन्हाळ्याच्या दुपारी घरातली मंडळी तहखान्यात उतरत. दिल्लीच्या मेटकाफ हाऊसमध्ये साहेबाने हीच सोय करून घेतली होती, आणि १८५७ च्या वेढ्यात लखनौच्या रेसिडेन्सीतील बायकामुलांनी तहखान्याचाच आसरा घेतला. आधुनिक नियमांनी मात्र माणसाला तळघरातून बाहेर काढले, निदान कागदावर तरी.

राष्ट्रीय इमारत संहिता १९७० साली प्रथम आली आणि १९८३, २००५ व २०१६ मध्ये सुधारली गेली. २००५ च्या संहितेत तळघराचे उपयोग मोजून दिले आहेत: सहसा पेट न घेणाऱ्या सामानाची साठवण, बँकेची तिजोरी, वातानुकूलनाची यंत्रे, वाहनतळ आणि ग्रंथालयाची पुस्तके ठेवण्याची खोली. येथे पुस्तकांना परवानगी आहे, वाचकांना नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तळघराचे छत भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ मीटर वर असावे, असेही तीत म्हटले आहे. त्या पट्टीतून झरोके निघतात. परंतु झरोका हवेसाठी असतो. त्यातून माणूस बाहेर पडेल एवढा तो असावा, ही अपेक्षा तेथे नाही. जेथे माणूस नाहीच, तेथे त्याच्या सुटकेचा विचार कोण करणार?

अमेरिकेतील घरबांधणीची संहिता याच प्रश्नाकडे उलट्या टोकाने पाहते. लोक तळघरात झोपणार हे ती गृहीत धरते आणि खिडकीची मापे ठरवते: मोकळी जागा ५.७ चौरस फूट, रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, आणि तळाची कड जमिनीपासून ४४ इंचांहून उंच नाही. गज असल्यास ते आतून किल्लीवाचून उघडले पाहिजेत. आत अडकलेला माणूस बाहेर पडावा आणि पाठीवर साहित्य घेतलेला अग्निशामक जवान आत शिरावा, असा हा हिशेब आहे.

आपल्या पद्धतीची किंमत कोलकात्याने मोजली. ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे ढाकुरिया येथील रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. वाहनतळ म्हणून मंजूर झालेल्या त्या जागेत ज्वालाग्राही सामान साठवलेले होते. धूर वर चढला, काचा बंद होत्या, आणि नव्वदच्या आसपास माणसे दगावली. त्यांतील बहुतेक गुदमरून. पुढे २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका शिकवणी वर्गाच्या तळघरात पावसाचे पाणी घुसले आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडाले. मंजुरी साठवणुकीची होती. प्रत्यक्षात तेथे ग्रंथालय चालत होते. ज्या सेवेत मी आहे तिच्या उंबरठ्यावरची ती मुले होती, म्हणून ही घटना मला अधिक लागली.

त्यानंतर तळघरांना टाळी लागली. तशी ती प्रत्येक दुर्घटनेनंतर लागतात. अडचण अशी की संहिता शिफारसवजा आहे. तिला बळ येते ते राज्यांच्या आणि नगरपालिकांच्या नियमावलीतून. भोगवटा प्रमाणपत्र देताना नकाशावरचे ‘गोदाम’ तपासले जाते. पुढे तेथे टेबले-खुर्च्या कधी आल्या याची नोंद नस्तीत सापडत नाही. माझ्या मते वापरबदल नियमित करण्याचा अर्ज आला की पहिला प्रश्न शुल्काचा नसावा, ‘जिन्यात धूर भरला तर माणूस कोठून बाहेर पडेल?’ हा असावा. उत्तर नसेल तर अर्ज तेथेच थांबावा.

अर्थात खिडकी हे आगीवरचे उत्तर आहे, पुरावरचे नव्हे. रस्ता तुंबला तर तीच खिडकी पाणी आत घेईल. राजिंदर नगरसारख्या सखल वस्तीत प्रवेशद्वाराचा उंबरा किती उंच आणि रस्त्यावरचे गटार किती साफ, यावरच सारे अवलंबून असते. भोवतालचे पाणी तळघरात शिरणार नाही अशी व्यवस्था असावी, हे वाक्यही संहितेत आहेच.