शेवटचा दगड आणि कारकिर्दीचे मोजमाप

स्कॉटलंडची कर्लिंगपटू ईव्ह म्यूरहेड हिने चार हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या महिला संघाचे नेतृत्व केले. व्हँकूव्हर २०१० मध्ये संघ सातवा आला, सोची २०१४ मध्ये कांस्यपदक मिळाले, प्योंगचांग २०१८ मध्ये चौथा क्रमांक आणि बीजिंग २०२२ मध्ये सुवर्णपदक. हे चार निकाल ओळीने मांडले की उदय, घसरण आणि पुनरागमन अशी एक सोयीची कथा आपोआप उभी राहते. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे की ही कथा दिशाभूल करते. कर्लिंगमध्ये पदक हे मोजमापाचे कच्चे एकक आहे. निर्णायक दगड हातात असेल अशा स्थितीत संघ किती वेळा पोहोचला, हे एकक अधिक विश्वसनीय आहे.

१. खेळाची रचना

सुमारे ४५ मीटर लांबीच्या बर्फाच्या पट्टीवर ग्रॅनाइटचे दगड सरकवायचे आणि पलीकडच्या वर्तुळाच्या, म्हणजे हाऊसच्या, मध्याजवळ थांबवायचे, असा हा खेळ. नियमानुसार दगडाचे वजन १७.२४ ते १९.९६ किलोच्या दरम्यान असते. ऑलिम्पिकमधील दगडांचे ग्रॅनाइट स्कॉटलंडच्या आयल्सा क्रेग बेटावरून येते. संघ चौघांचा. प्रत्येक फेरीत, म्हणजे एंडमध्ये, प्रत्येक खेळाडू दोन दगड टाकतो. बर्फावर पाणी शिंपडून बारीक कणांचा खडबडीतपणा मुद्दाम आणलेला असतो. त्यामुळे हलकी फिरकी दिलेला दगड वळत जातो. सहकारी पुढे झाडू घासत दगडाचा वेग टिकवतात आणि त्याची वाट काहीशी बदलतात. फेक एकीची, पण ती वाचून झाडू मारण्याचे काम इतरांचे. म्हणून कोणताही दगड पूर्णपणे एका खेळाडूचा नसतो.

दुसरी बाब शेवटच्या दगडाची, ज्याला हॅमर म्हणतात. एंडमध्ये एकाच संघाला गुण मिळतात आणि पुढच्या एंडचा हॅमर प्रतिस्पर्ध्याकडे जातो. एंड कोरा सुटला तर हॅमर जिथे आहे तिथेच राहतो. यातून डावपेचांचे मूळ गणित निघते: हॅमर असताना किमान दोन गुण घ्यावेत, नसताना प्रतिस्पर्ध्याला एकावर रोखावे. हा हिशेब दहा एंड चालवण्याची जबाबदारी स्किपची, म्हणजे कर्णधाराची, आणि शेवटचे दोन दगडही बहुधा तिचेच. पराभव स्किपच्या नावावर लागतो तो यामुळेच. पण तिच्या हाती येणारी स्थिती आधीच्या सहा दगडांनी घडवलेली असते.

२. दोन शेवटचे दगड

सोचीतील कांस्यपदकाच्या सामन्यात म्यूरहेडने शेवटचा दगड अचूक टाकला आणि ब्रिटनने स्वित्झर्लंडला ६-५ ने हरवले. प्योंगचांगमध्येही सामना कांस्यपदकाचाच होता. जपान ४-३ ने पुढे होता आणि शेवटच्या एंडचा हॅमर ब्रिटनकडे होता. बरोबरी साधून जादा एंडकडे जाण्याऐवजी तिने दोन गुणांचा, म्हणजे थेट विजयाचा, फटका निवडला. तो साधला नाही, उलट जपानला एक गुण मिळाला आणि सामना ५-३ असा संपला.

पदकांच्या यादीत या दोन दगडांमधले अंतर पदक मिळणे आणि न मिळणे एवढे मोठे दिसते. प्रत्यक्षात दोन्ही वेळा संघाने एकच गोष्ट साधली होती: अखेरच्या क्षणी सामना आपल्या हातात ठेवणे. यशापयशाचा फरक बर्फावरच्या अगदी थोड्या अंतराचा होता. चार वर्षांतून एकदा घेतलेल्या अशा एकाच नमुन्यावरून कारकीर्द ठरवणे संख्याशास्त्राच्या दृष्टीने दुबळे आहे.

३. सातत्याचा पुरावा

म्हणून मोठा नमुना पाहावा. स्कॉटलंडचे खेळाडू जागतिक आणि युरोपीय स्पर्धांत स्कॉटलंडच्या नावाने खेळतात आणि ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या. पहिल्या प्रकारच्या स्पर्धा दर वर्षी होतात. कनिष्ठ गटात म्यूरहेडची चार जागतिक विजेतेपदे आहेत: २००७, २००८, २००९ आणि २०११. वरिष्ठ गटात २०१० चे जागतिक रौप्य आहे, आणि २०१३ मध्ये रीगा येथे बावीसाव्या वर्षी मिळवलेले जागतिक सुवर्ण. युरोपीय स्पर्धेत तर २०१० ते २०१७ अशी सलग आठ वर्षे तिच्या संघाने पदक मिळवले. त्यांत २०११ आणि २०१७ ची सुवर्णे आहेत.

या ओळीत घसरण शोधूनही सापडत नाही. प्योंगचांगचा चौथा क्रमांक ज्या हंगामात आला, त्याच हंगामात ती युरोपीय विजेती होती. खरा खंड त्यानंतर पडला, आणि त्याचे एक कारण शारीरिक होते. दगड सोडताना खेळाडू एका पायावर खोल बसून सरकत जाते आणि खुब्याच्या सांध्यावर वर्षानुवर्षे ताण येत राहतो. २०१८ मध्ये तिला खुब्याची शस्त्रक्रिया करावी लागली.

४. चल घटक: संघ

२०२१ मध्ये कॅलगरीच्या जागतिक स्पर्धेत स्कॉटलंड आठवा आला. पहिल्या सहांना ऑलिम्पिकची थेट जागा होती, ती हुकली. यानंतर ठरलेल्या चौघींचा संघ मोडून नऊ खेळाडूंचा समूह करण्यात आला आणि वेगवेगळ्या जोडण्या खेळवून पाहिल्या गेल्या. अशा पद्धतीत अनुभवी स्किपलाही आपली जागा गृहीत धरता येत नाही. त्यातून म्यूरहेड, व्हिकी राइट, जेनिफर डॉड्स, हेली डफ आणि राखीव मिली स्मिथ हा संघ तयार झाला. त्याने २०२१ चे युरोपीय सुवर्ण जिंकले आणि मग नेदरलँड्समधील लीउवार्डनच्या पात्रता स्पर्धेतून बीजिंगची जागा मिळवली.

येथे योगायोगाने एक तुलना हाती लागते. २०१८ मध्ये ब्रिटनचा उपांत्य सामना स्वीडनच्या आना हासेलबोरीच्या संघाशी झाला आणि कांस्यपदकाचा जपानच्या सात्सुकी फुजिसावाच्या संघाशी. दोन्ही गमावले. २०२२ मध्ये उपांत्य फेरीत पुन्हा हासेलबोरी आणि अंतिम फेरीत पुन्हा फुजिसावा होती. दोन्ही सामने जिंकले, पहिला १२-११ ने आणि दुसरा १०-३ ने. दोन्ही प्रतिस्पर्धी संघांतल्या चारही प्रमुख खेळाडू त्याच होत्या, ब्रिटनची स्किपही तीच. बदलल्या होत्या तिच्या तीन सहकारी. दोन-दोन सामन्यांवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि आधीच्या सहकाऱ्यांची गुणवत्ता कमी होती असेही म्हणता येत नाही, कारण २०१७ चे युरोपीय सुवर्ण त्यांचेच आहे. पण बदल स्किपच्या मनगटापेक्षा संघाच्या जुळणीत शोधावा, इतके हा पुरावा नक्की सुचवतो.

५. बीजिंगची अरुंद दारे

सुवर्णाचा मार्गही निर्विवाद नव्हता. साखळीत ब्रिटन, जपान आणि कॅनडा यांचे पाच विजय आणि चार पराभव असे समान निकाल लागले. आपसांतील सामन्यांवरूनही क्रम लागेना. तेव्हा सामन्यापूर्वीच्या फेकींची सरासरी निर्णायक ठरली. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघ हाऊसच्या मध्यबिंदूकडे दोन दगड टाकतात, एक घड्याळाच्या दिशेने फिरणारा आणि एक उलट. मध्यापासूनचे अंतर मोजून पहिला हॅमर कोणाला, हे ठरते. या अंतरांच्या सरासरीवर ब्रिटन तिसरा, जपान चौथा आला आणि कॅनडा बाहेर पडला. म्हणजे उपांत्य फेरी ज्या फेकींवर मिळाली, त्यांना एकही गुण नव्हता. उपांत्य सामन्यात पहिल्याच एंडमध्ये स्वीडनने चार गुण घेतले, तरी सामना जादा एंडपर्यंत नेऊन ब्रिटनने जिंकला.

६. आक्षेप आणि मर्यादा

आक्षेप असा येईल की मग सुवर्णपदक हा केवळ नशिबाचा भाग ठरतो. तसे नाही. एका दगडात नशिबाचा वाटा मोठा असतो, शेकडो दगडांत तो लहान होत जातो. बीजिंगमधील सरासरीचा निकष हेच दाखवतो: एखादी फेक भाग्याने जमते, अनेक सामन्यांची सरासरी सरावानेच जमते. सलग आठ युरोपीय पदकेही याच प्रकारची सरासरी आहेत. २०२२ मध्येच बॉबी लॅमीसह जिंकलेले मिश्र दुहेरीचे जागतिक विजेतेपद त्यात मिळवले, की वेगळ्या जोडीदारासह आणि खेळाच्या वेगळ्या प्रकारातही ती निर्णायक क्षणापर्यंत पोहोचत होती हे दिसते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ३२ व्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली.

या एककाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ते स्किपला लागू पडते, कारण शेवटचा दगड तिचा असतो. एंडची सुरुवात करणाऱ्या लीडला किंवा तिच्यानंतर खेळणाऱ्या सेकंडला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. त्यांचे काम नंतरच्या फटक्यांना जागा करून देण्याचे, आणि बराच वेळ झाडू चालवण्याचे. त्यासाठी दगडागणिक अचूकतेची आकडेवारी आणि झाडूचा परिणाम असे वेगळे मापदंड हवेत. ते वापरले जाईपर्यंत कर्लिंगचा इतिहास स्किपच्या नावानेच लिहिला जाईल, आणि चौघींचे श्रेय व दोष एकीच्या खात्यावर पडत राहतील.