तेरेखोल नदी आणि सिंधुदुर्ग-गोवा सीमेची जडणघडण

तेरेखोल नदी ही सिंधुदुर्ग व गोवा यांमधील नैसर्गिक सीमा होय, असे दक्षिण कोकणाविषयीच्या लेखनात सर्रास नमूद केले जाते. हे विधान पूर्णतः टिकणारे नाही. नदीमुखाशी उत्तर तीरावर वसलेले तेरेखोल गाव व तेथील किल्ला गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोडतात. जमिनीच्या बाजूने मात्र ते सिंधुदुर्गालाच जोडलेले आहेत. उर्वरित गोव्यातून येणाऱ्यास केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडता येते.

सतराव्या शतकात हा किल्ला वाडीकर सावंतांनी उभारला. नदीकाठचे बांदा हे तत्पूर्वीच व्यापारी बंदर म्हणून ज्ञात होते. आदिलशाहीत त्यास आदिलाबाद असे नाव होते व सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने त्याची नोंद घेतली. अशा जलमार्गाचे मुख ज्याच्या हाती, त्याचा वरच्या बाजारपेठेवर वचक, हे उघड आहे. इ.स. १७४६ मध्ये व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मेदा याने प्रथम हळर्ण किल्ला घेतला (त्यावरूनच पुढे त्यास ‘मार्क्विस ऑफ आलोर्ना’ हा किताब मिळाला) व त्याच वर्षी तेरेखोल आणि रेडीही जिंकले. रेडी पुढे सावंतांकडे परतले. तेरेखोल परतले नाही.

येथे एक बाब दुर्लक्षित राहते. दक्षिण तीरावरील पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. तोवर दोन्ही तीरांवर मुख्यतः सावंतांचाच अंमल होता व पोर्तुगीजांचे ठाणे उत्तर तीरावर होते. म्हणजे नदी सीमा बनली ती ठाण्यानंतर सुमारे चार दशकांनी. उत्तर पोर्तुगालमधील वालेंसा हे नदीकाठचे तटबंदीयुक्त शहर मिन्यो नदीपलीकडील स्पेनच्या तुई शहरासमोर उभे आहे. तेथे नदी हीच सीमा. मायदेशी पाळली जाणारी ही रेषा येथे मात्र सोयीनुसार ओलांडली गेली.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला. भारतीय हद्दीतून नदी न ओलांडता गाठता येणारे हे ठाणे होते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा व १९८७ मध्ये गोवा राज्य अस्तित्वात आले. तेरेखोल मात्र १७४६ च्या विजयाने ठरविलेल्या बाजूसच राहिले.