मोहाची धार आणि अंशांचा हिशेब

‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग आपण मराठी माणसे किती सहजपणे करतो! शिवी असो, लावणी असो की वऱ्हाडी विनोद. अस्सल आहे एवढे सांगायचे असले की ती पहिल्या धारेची. ही धार कसली, हे सभ्य घरांतून सहसा विचारले जात नाही. भट्टीवरच्या मडक्यातून प्रथम गळणारी जी जहाल दारू, तिची ती धार. प्रस्तुत लेखकाची हयात सिल्वासासारख्या गावी मुलांना इतिहास शिकवण्यात गेली. इथल्या इतिहासात मोहाचे झाड सनदा-तहांच्या इतकेच महत्त्वाचे आहे असे माझे मत बनले आहे. क्रमिक पुस्तकांत त्याला जागा नाही, म्हणून ते इथे मांडतो.

मराठ्यांनी ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज १७७२ मध्ये पकडले. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहानुसार बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख द्यायचे ठरले आणि १७८३ मध्ये नगर हवेली दमणच्या फिरंग्यांकडे गेली. दादरा १७८५ मध्ये गेले. वारली, कोकणा, धोडिया या लोकांना त्याचा सुगावा लागला असेल तो इतकाच, की वसूल मागायला येणारा माणूस बदलला. त्यांचा फाल्गुन-चैत्र पूर्वीसारखाच पहाटे मोहाखाली फुले वेचण्यात जात होता. फुले उन्हात वाळवायची, पाण्यात भिजत घालायची, उन्हाळ्यात चार-पाच दिवस आणि थंडीत त्याहून अधिक आंबू द्यायची, मग मडक्यावर मडके ठेवून गाळायची. लग्न असो, दिवस असोत की देवकार्य, पहिले थेंब धरणीला आणि पूर्वजांना. दारू हा तिथे धंदा नव्हता. घरच्या लोणच्यासारखी ती घरची वस्तू होती. किती फुलांना किती पाणी, आंबणे पुरे झाले हे बुडबुड्यांवरून आणि वासावरून कसे ओळखायचे, हे सासूकडून सुनेकडे, बापाकडून मुलाकडे तोंडीच जाई.

या घरच्या वस्तूत सरकार शिरले ते हवेलीच्या सीमेपलीकडे, ठाणे जिल्ह्यात. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ सालचा. त्यामागचे डोके चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचे. परवान्याशिवाय दारू गाळणे हा गुन्हा ठरला, ताडीच्या झाडांवर कर बसला आणि गाळपाचे काम मोठ्या कारखान्यांकडे व मक्तेदारांकडे गेले. दुकानांत पारशी व्यापारी बसले. त्याच वर्षी इंग्रजांनी पोर्तुगालशी करार केला. तो १८८० पासून बारा वर्षे चालला आणि त्यात मिठाबरोबर अबकारीही होती, कारण शेजारी स्वस्त दारू असताना आपला कर वसूल होत नाही हे मुंबई सरकार ओळखून होते. करार १८९२ च्या जानेवारीत संपला, आणि त्याच वर्षी मुंबई सरकारने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचाच कायदा केला. दारू राहू द्या, आता झाडाखाली पडलेले फूल घरात साठवण्यावरही बंधन आले! खाऊन जगण्यासाठी वेचलेले फूल कोणते आणि आंबवण्यासाठीचे कोणते, हे ठरवायचे कोणी? अर्थात शिपायाने.

सरकारला घरगुती अंदाज चालत नाही, त्याला आकडा लागतो. इंग्लंडात हा आकडा तयार झाला होता. रिचर्डसन नावाच्या इंग्रजाने १७८४ मध्ये, म्हणजे हवेली आणि दादरा यांच्या हस्तांतरांच्या मधल्या वर्षी, काढ्यातील साखर मोजणारे तरंगते उपकरण मद्यकारांपुढे मांडले. दारूची तीव्रता मोजण्यासाठी साइक्सचा हायड्रोमीटर १८१६ च्या कायद्याने अधिकृत झाला. तोच आमच्याकडे आला आणि देशी दारू ‘पंचवीस अंश’ व ‘साठ अंश’ अशी विकली जाऊ लागली. हे अंश प्रमाण दारूच्या खाली मोजायचे. त्यामुळे पंचवीस अंशांची दारू सुमारे त्रेचाळीस टक्क्यांची आणि साठ अंशांची जेमतेम तेवीस टक्क्यांची. जितका अंश मोठा तितकी दारू फिकी, हा सरकारी विनोद गिऱ्हाइकाला कळायला वेळच लागला असणार.

इंग्लंडातही घरी बिअर करणाऱ्यावर कर होता. ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये माल्टवरचा कर काढून तो काढ्याच्या घनतेवर बसवला. १०५७ हा प्रमाण आकडा धरला आणि घरगुती बिअरला परवाना लावला. तो परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी असताना बिअरचे कारखानदार माल्टचा अर्क ‘पाव भाजण्यासाठी’ म्हणून विकत होते. पाव किती भाजले गेले ते देव जाणे. तिथे घरच्या बिअरला कायदेशीर मोकळीक मिळाली ती १९७८ मध्ये कार्टर यांच्या सहीने.

माल्ट म्हणजे काय, हे आपल्याकडील गृहिणीला सांगायला नको. नागलीला मोड आणून, वाळवून, दळून आपण सत्त्व करतो, तेच बार्लीचे केले की माल्ट. त्याचा काढा आटवला की काकवीसारखा अर्क होतो. तो डब्यात मिळू लागल्यामुळे हौशी माणसाची भिजवण्या-दळण्याची यातायात वाचली. राहिला तो हिशेब, आणि तो आता संगणक करतो. ‘बिअरस्मिथ’सारखे कार्यक्रम २००३ पासून मिळतात. एक किलो पातळ अर्क एक लिटर द्रावणात सुमारे तीनशे गुण देतो. म्हणून तीन किलो अर्काचे वीस लिटर द्रावण केले की पंचेचाळीस, म्हणजे १.०४५ घनता. यीस्टने साखर खाल्ल्यावर ती १.०११ वर आली तर मद्यार्क साडेचार टक्के. पातळऐवजी कोरडा अर्क घेतला तर तीन किलोंच्या जागी अडीच किलोंहून थोडा कमी पुरतो, कारण पातळ अर्कात पाणी असते. थोड्या पाण्यात दाट उकळून मग पाणी वाढवले तर हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो, हेही यंत्र आधीच सांगते. ज्या काट्याने सरकार कर मोजत होते तोच काटा आता हौसेच्या सेवेला लागला आहे.

आमच्याकडे तो काटा पंचनाम्यातच राहिला. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हवेली १९५४ मध्ये मुक्त होऊन १९६१ मध्ये भारतात सामील झाली. तिथे दारूची दुकाने राहिली आणि कोरड्या गुजरातेतील तहानलेल्यांची सोय झाली. वारल्याचे मडके मात्र दोन्हीकडे चोरीचेच ठरले. दारूने संसार धुळीला मिळालेली घरे मी शिक्षक म्हणून जवळून पाहिली आहेत, त्यामुळे मोहाचे पोवाडे मी गाणार नाही. दारूची भट्टी घरी लावायला विलायतेतही बंदी आहे. न्यूझीलंडने १९९६ मध्ये ती उठवली, हा अपवाद. पण २०१५ मध्ये मालवणीत शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉलने, आणि मिथेनॉल मोहाच्या झाडाला लागत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले वेचण्या-साठवण्यावरील बंधने उठवली. फुलावरच्या पहाऱ्याला तोवर जवळजवळ एकशेतीस वर्षे झाली होती.

माझा एक माजी विद्यार्थी जर्मनीत नोकरीला आहे आणि तिथे असल्या कार्यक्रमावर हिशेब करून घरी बिअर करतो. त्या यादीत मध आहे, काकवी आहे, शेकडो माल्ट आहेत, मोह नाही. सुटीवर आला तेव्हा त्याने तो स्वतः भरून पाहिला. वाळल्या फुलात साठ टक्के साखर धरली तर किलोला सुमारे दोनशे तीस गुण पडतात. त्याची आजी एका मोठ्या मडक्यात घालत असे तेवढी फुले आणि पाणी त्याने आठवून मांडले : पाच किलो आणि वीस लिटर. पडद्यावर उत्तर आले १.०५७. ग्लॅडस्टनसाहेबांचा आकडा नेमका हाच होता, हे मी त्याला सांगितले. तो हसला आणि म्हणाला, “सर, आजीकडे हायड्रोमीटर नव्हता, पायलीच होती.” पायलीत वाळकी फुले किती किलो मावतात, ते आता तोलून पाहायचे आम्ही ठरवले आहे.