गार पाण्याचा प्याला कोणाच्या हाती?

परदेशी निघालेल्या ख्रिस्ती माणसाला हल्ली एक उपदेश हमखास मिळतो. जाशील तिथे लहानसहान चांगुलपणा दाखव. हॉटेलातल्या नोकराशी गोड बोल, चार पैसे जास्त ठेव, पोरांना खाऊ वाट; हीच तुझी साक्ष. हे मत इतके निर्मळ दिसते की त्याला विरोध करणे निष्ठुरपणाचे वाटावे. तरीही ते शुभवर्तमानाला धरून नाही, असे माझे ठाम मत आहे. त्यात प्रवासी सदैव देणारा असतो. शुभवर्तमानातला प्रवासी आधी घेणारा आहे.

ज्या वचनाचा आधार सर्रास दिला जातो तेच पाहू. गार पाण्याचा प्याला मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येतो. पण तो शिष्यांनी कोणाला द्यायचा नाही. तो शिष्यांना मिळणार आहे. त्याच अध्यायात येशू त्यांना सोने, रुपे, झोळी काहीही बरोबर घेऊ नका असे बजावून पाठवतो. अशा माणसाला परक्याच्या दारात उभे राहावेच लागते. लूकच्या दहाव्या अध्यायातही आज्ञा तीच: ज्या घरी उतराल तिथेच राहा, पुढे येईल ते खा. आणि योहानाच्या चौथ्या अध्यायात तर प्रवासाने थकलेला येशू स्वतः शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी माणूस शोमरोन्यांच्या हातचे घेत नसे.

देणे आणि घेणे यांत केवढे अंतर आहे, हे महाडमध्ये लख्ख कळते. आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे की आसपासच्या खेड्यांतले अस्पृश्य बाजाराला, सरकारी टपाल पोचवायला, वसुलाचा भरणा करायला महाडला येत. बाहेरगावच्या माणसाला पाणी मिळेल असे सार्वजनिक ठिकाण एकच, चवदार तळे. तिथे मुसलमान पाणी भरत. अस्पृश्याला मज्जाव होता. त्याच्यासाठी दूर वस्तीतली गाळाने भरलेली विहीर. मार्च 1927मध्ये महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. पैसे देऊन घ्यायचे, किंवा कोणी वरून धार धरली तर ओंजळीने प्यायचे. वरून धार धरणाराही आपल्या परीने चांगुलपणाच करत होता! पण त्यामुळे त्याचा सोवळेपणा तसूभरही कमी होत नव्हता. अस्पृश्याच्या हातचे पाणी तो स्वतः प्यायला असता तरच काही मोडले असते. 20 मार्चला लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले आणि नंतर त्यांच्यावर हल्ला झाला, तेव्हा काहींना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरात. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला 1937 साल उजाडले.

ख्रिस्ती वाचकाला अधिक बोचावी अशी गोष्ट आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आहे. परदेशात शिकून ते बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा पारशांच्या उतारशाळेतून त्यांना काठीच्या धाकाने बाहेर काढण्यात आले. त्यांनी एका ख्रिस्ती मित्राला विचारले, घरी ठेवून घ्याल का? मित्र म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. हे जोडपे मूळचे ब्राह्मण होते. आंबेडकर नकार समजले. त्या मित्राच्या वागण्यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. सौजन्य होते, एका घरात राहण्याची तयारी नव्हती. सौजन्याला साक्ष म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचे उत्तर द्यायला हवे.

प्रतिपक्ष इथे चांगल्या शोमरोन्याचा दाखला पुढे करील. तोही वाटसरूच, त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. दाखला बिनतोड वाटतो, पण तो कोणाला सांगितला ते पाहावे. ऐकणारा यहूदी शास्त्री आहे. त्याच्या लोकांतले याजक आणि लेवी बाजूने निघून जातात आणि ज्याचा विटाळ मानला तो शोमरोनी मदत करतो. शेवटी शेजारी कोण असे विचारल्यावर शास्त्री ‘शोमरोनी’ हे नावही उच्चारत नाही, दया करणारा एवढेच म्हणतो. त्या हातचे तेल घ्यावे लागणे हेच त्याला जड जाते आहे. आज परदेशी जाणारे आपण या कथेत स्वतःला खुशाल शोमरोन्याच्या जागी बसवतो. शास्त्र्याची जागा कोणी घेत नाही.

गरिबाकडून घेणे म्हणजे त्याच्यावर भार टाकणे, असाही एक आक्षेप आहे. मेजवानी मागितली तर खरेच भार होईल. पाणी, शेक, पथारी यांचा तसा होत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत जहाज फुटून पौल मिलिता बेटावर लागला, तेव्हा पावसात आणि थंडीत शेकोटी पेटवली ती तिथल्या परक्या लोकांनी. पौल तिच्यासाठी काटक्या गोळा करतो. बेटाचा प्रमुख पुब्ल्य याच्या वडिलांचा ताप तो प्रार्थनेने उतरवतो, तेही त्याच पुब्ल्याचा पाहुणचार घेत असताना.