ख्रिस्ती नित्यबोध, मराठी परंपरेतील

नित्याच्या व्यवहारांतून व वर्षातील पुण्यदिवसांतून श्रद्धेचा बोध घेण्याची मराठी ख्रिस्ती समाजातील रीत. हिचे मूळ येशूच्या दृष्टांतांत असले, तरी तिची मराठी घडण भक्तिपरंपरेने केली, हे निःसंशय. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईने दळणकांडणात विठ्ठल पाहिला. त्याच ओवी-अभंगांच्या वाटेने, आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो असे कृतज्ञतेने मानणारे रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर मराठी ख्रिस्ती उपासनेस भजन-कीर्तनाचे देशी रूप दिले.

निजामी अमलात परभणीशेजारच्या जालन्यानजीक रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. हा बोध येथील शेतीच्या रीतीशीही जोडलेला आहे. परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या काळ्या रानात ज्वारी परंपरेने तिफणीने पेरतात. चाड्यावर धरलेल्या मुठीतून दाणे नळ्यांवाटे थेट तासात उतरतात. म्हणून हाताने बी फेकणाऱ्या पेरणाऱ्याचा दृष्टांत सांगताना, काही बी वाटेवर कसे पडले, हे येथील शेतकऱ्यास आधी उलगडून सांगावे लागते, आणि पुढे खडकाळ व काटेरी जमिनीचा अर्थ मात्र त्यास तत्काळ पटतो. नाताळ, शुभ शुक्रवार व पुनरुत्थानाचा रविवार यांखेरीज पिकाचे प्रथमफळ अर्पण करण्याचा उपकारस्तुतीचा दिवसही या बोधास अनुकूल होय. कृषिप्रधान जिल्ह्यात तोच सर्वांत अर्थपूर्ण म्हणावा लागेल.

याच परंपरेतील टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरील काव्य त्यांच्या निधनाने अपूर्ण राहिले. ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्णत्वास नेले.