वेताळाच्या चपला

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात बुटक्यांचा एक देव आहे, डुमाथोइन. डोंगराखाली पुरलेलं धन आणि मेलेली माणसं, दोन्ही सांभाळतो. त्याच्याबद्दल वाचताना आपला वेताळ आठवला.

वेताळ म्हटलं की विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत. त्या गोष्टी काश्मीरच्या सोमदेवाने ११व्या शतकात 'कथासरित्सागरा'त घेतल्या. तो वेताळ मसणातला, प्रेतात शिरणारा. लहानपणी मस्तगडला अमावास्येच्या रात्री आम्ही त्याच्याच धाकाने घरात!

पण कोकणात गंमतच आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला (जयवंत दळवींचं गाव) हाच भुतांचा राजा 'वेतोबा' होऊन ग्रामदेव झालाय. माणसाच्याच रूपात, पण माणसापेक्षा चांगला उंच. लोक त्याला केळी आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. कारण काय, तर देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो, चपला झिजतात. भुतांना आवरायला त्यांच्या राजालाच पहाऱ्यावर नेमायचं, हे डोकं कुणाचं असेल बुवा?

खाली गोव्यात काणकोणमध्ये लोलयेला बेताळ आहे. १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं पाडली, तेव्हा काणकोण त्यांच्या राज्यात नव्हतं. त्या तडाख्यातून तिथली देवळं सुटली, आणि लोलयेचा बेताळ आजही गावातच उभा आहे.