दाराखालून आलेली पत्रके

कॅथेड्रल, शाळा, सेमिनरी हिल्सवरील महाविद्यालय. नागपुरात संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव सदैव आमच्या ओठी असते. परंतु 'एस. एफ. एस.' या तीन अक्षरांमागील माणूस आम्हांपैकी कितीजणांस ठाऊक आहे?

१५९४ साली हे तरुण धर्मगुरू शाब्ले प्रांतात गेले, तेव्हा त्यांचे प्रवचन ऐकण्यास कोणी येईना. मग त्यांनी पत्रके लिहिली व ती लोकांच्या दाराखालून आत सरकवली. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक-पत्रकारांचे आश्रयदाते ठरविले. (आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांस हे स्मरण थोडे अवघडच वाटते.)

१६०९ सालच्या आपल्या ग्रंथात त्यांनी भक्तीला मठाबाहेर आणले. सैनिकाची छावणी, कारागिराचे दुकान, विवाहितांचे घर येथून तिला हद्दपार करणे त्यांना पाखंड वाटे. गृहस्थाने कॅपुचिन संन्याशाप्रमाणे द्रव्यसंचय टाळला तर कुटुंबाचे काय, हा त्यांचा रोकडा सवाल. आम्ही मात्र संतांना वेदीवर बसवून, मेणबत्ती लावून मोकळे होतो.

मार्टिन नावाच्या बहिऱ्या तरुणास त्यांनी खुणांच्या भाषेत धर्मशिक्षण दिले. त्यासाठी त्या खुणा त्यांना आधी स्वतः शोधाव्या लागल्या.